विचार आपला की उसना?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी महाविद्यालयात किंवा कार्यालयात जातीविषयी, धम्माविषयी, राखीव जागांविषयी ठामपणे चार शब्द बोलला की एक प्रतिक्रिया हमखास येते : “हे तुझे विचार नव्हेत, वसतिगृहात तुझ्या डोक्यात भरवलेले आहेत.” अनेक माजी विद्यार्थ्यांनी हा अनुभव मला सांगितला आहे. असे म्हणणाऱ्याचा सूर असा असतो, की त्याचे स्वतःचे विचार मात्र त्याने घरच्या विहिरीतून ताजे उपसून आणलेले आहेत! आपली मुले यावर गप्प बसतात किंवा चिडतात. दोन्ही स्वाभाविक आहे. परंतु या आक्षेपाच्या पोटात दडलेला प्रश्न खरा आहे. माणसाचा विचार त्याचा स्वतःचा असतो काय? की घर, शेजार, शाळा, धर्म आणि आता हातातला मोबाईल यांनी तो त्याच्यात ओतलेला असतो? मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे तत्त्वचर्चेपूर्वी काही घटनांकडे पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपण तो जातिव्यवस्थेवरील निबंध म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण माणसाच्या डोक्यात विचार कसा शिरतो याचेही फार मार्मिक विवेचन त्यात आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

बाबासाहेबांपुढचा प्रश्न असा होता : एवढ्या विशाल देशात जात पसरली कशी? मनूने ती लादली, हे तयार उत्तर त्यांनी नाकारले. एका माणसाच्या लेखणीत एवढे सामर्थ्य नसते. मनूने आधीच चालत आलेल्या रूढींना संहितेचे रूप दिले, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मते एका वर्गाने प्रथम आपल्या विवाहाचे दरवाजे आतून लावून घेतले आणि इतर वर्गांनी त्याचे अनुकरण केले. ज्यांनी अनुकरण केले नाही, त्यांना इतरांचे दरवाजे आपल्यावर बंद झालेले आढळले. या मांडणीसाठी त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. अनुकरण वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे वाहते आणि दोघांमधील अंतर जितके कमी, तितके ते तीव्र असते, असे ते नियम. वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाचा हवालाही त्यांनी दिला. अनुकरण जाणूनबुजून होत नाही, त्याचे स्थान मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते, असे बॅजटचे प्रतिपादन होते.

याचा अर्थ शांतपणे लक्षात घ्यावा. मुलगी जातीबाहेर द्यायची नाही, असे जेव्हा एखादे घर ठरवते, तेव्हा दारात कुणी सोटा घेऊन उभा असण्याची गरज उरलेली नसते. त्या घराला तो आपलाच विचार वाटतो. आपल्या कुळाची रीत, आपला मान वाटतो. उसना विचार जेव्हा उसना वाटेनासा होतो, तेव्हाच तो पुरता भिनलेला असतो. ‘हे माझे स्वतःचे मत आहे’ अशी खात्री वाटणे हा म्हणूनच मत स्वतःचे असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

येथे चतुर वाचक विचारील : मग बाबासाहेबांचा तो निबंध तरी त्यांचा स्वतःचा कसा? तार्द त्यांचे नव्हेत, बॅजट त्यांचे नव्हेत. प्रश्न रास्त आहे. उत्तर निबंधातच सापडते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी समोर ठेवल्या आणि एकेक तपासली. केतकरांविषयी त्यांनी आदराने लिहिले. तरीही, जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेरील विवाहाला बंदी ही केतकरांनी वेगळी मानलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. घेतले ते कुणाकडून घेतले हे सांगून घेतले आणि नाकारले ते कारण देऊन नाकारले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८४७ मध्ये टॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ वाचला आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. आपले ऋण त्यांनी पुस्तकाच्या दारावरच लिहून ठेवले, म्हणाना. परंतु मला या संदर्भात त्यांच्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे उदाहरण अधिक बोलके वाटते. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते. वेद जर आमचे नव्हेत, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा रोखठोक प्रश्न आज आपल्या व्यासपीठांवरून वारंवार सांगितला जातो. हा प्रश्न फुले दांपत्याच्या शाळेतील वातावरणातून तिला सुचला असेल, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण त्याच निबंधात ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाविषयी लिहिते. घरावर धड छप्पर नाही, आणि थंडीपावसात त्या बाळंतिणीचे काय हाल होतात, ते ती सांगते. हे तिला कोणत्या शिक्षकाने सांगितले असेल? शाळेने तिला अक्षर दिले, प्रश्न विचारण्याचे धैर्य दिले. ते छप्पर नसलेले घर तिचे होते. शिकवलेला प्रश्न तिने आपल्या घरावर लावून पाहिला आणि मग तो प्रश्न तिचा झाला.

आता धम्माकडे वळतो. मज्झिमनिकायातील महातण्हासंखय सुत्तात साति नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो कोळ्याचा मुलगा. एकच विज्ञान, म्हणजे जाणीव, न बदलता जन्मोजन्मी फिरत राहते, असे तथागतांनी शिकवले आहे, असे तो सांगत सुटला. भगवंतांनी त्याला बोलावून त्याची चूक दाखवली. जाणीव कारणांवाचून उत्पन्न होत नाही. अग्नी ज्या इंधनावर जळतो त्यावरून त्याला नाव मिळते. लाकडाचा अग्नी, गवताचा अग्नी, गोवऱ्यांचा अग्नी. तशीच जाणीव ज्या कारणाने उपजते त्यावरून ओळखली जाते. हाच प्रतीत्यसमुत्पाद. या दृष्टीने पाहिले तर ‘कुणाचाही नसलेला, निव्वळ माझा’ असा विचार असूच शकत नाही. प्रत्येक विचाराला सरपण लागते आणि ते बहुधा दुसऱ्याच्या रानातून आलेले असते. एवढे मान्य करायला आपण कचरू नये. आपल्यावर आक्षेप घेणाऱ्यालाही तेच लागू आहे, हे सौम्य शब्दांत सांगावे.

मग सगळेच विचार सारखे काय? मुळीच नाही. कोसल देशातील केसपुत्त नगरीच्या कालामांपुढे नेमकी हीच अडचण होती. येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपले मत उजळून सांगे आणि दुसऱ्याचे तुडवी. तथागतांनी त्यांना ज्या दहा आधारांवर विसंबू नका असे सांगितले, त्यांतील ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथप्रामाण्य आणि ‘हा आमचा गुरू आहे’ हे चार आपल्याला पाठ असतात. भाषणांत आपण तेवढेच सांगतो. परंतु त्याच यादीत निव्वळ तर्क आहे आणि एखादे मत आपण मनात घोळवलेल्या दृष्टीशी जुळते म्हणून स्वीकारणे, हेही आहे! म्हणजे ‘दुसऱ्याने सांगितले’ हा जसा आधार नव्हे, तसा ‘मला पटते’ हाही नव्हे. पुढची कसोटी आचरणाची आहे. ही गोष्ट अकुशल आहे की कुशल, सुज्ञ लोक तिची निंदा करतात की प्रशंसा, ती अंगीकारली असता अहित आणि दुःख होते की हित आणि सुख, हे स्वतः जाणून ती सोडा किंवा धरा. सुज्ञांच्या मताला येथे स्थान आहे, हेही विसरू नये. कालामसुत्ताचा अर्थ ‘कुणाचेच ऐकू नका’ असा करणारे ते अर्धेच वाचतात.

बाबासाहेबांच्या जीवनात ही कसोटी कशी लागली, ते त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आले आहे. शाळकरी वयात दादा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचल्यावर त्यांनी वडिलांना विचारले, की तुम्ही आम्हाला बौद्ध वाङ्मयाची ओळख करून न देता रामायण-महाभारतच का वाचायला लावता? रामजीबाबांनी उत्तर दिले, की आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड यायला नको. द्रोण, कर्ण ही लहान माणसे कोणत्या उंचीला पोहोचली, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे पाहा. त्या युक्तिवादात काही बळ आहे, हे भीमरावांनी मान्य केले. पण समाधान झाले नाही. ज्या वडिलांनी स्वतः हालअपेष्टा सोसून त्यांना शिकवले, त्यांचे म्हणणेही त्यांनी केवळ वडिलांचे म्हणून घेतले नाही. आणि केळुसकरांचे पुस्तक आवडले म्हणून लगेच बुद्धाला शरणही गेले नाहीत. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एकवीस वर्षे त्यांनी धर्मांची तुलना केली, ग्रंथ वाचले, टीका ऐकली. दीक्षाभूमीवर त्यांनी उच्चारलेला शब्द अडीच हजार वर्षांपूर्वीचा होता आणि तरीही तो संपूर्णपणे त्यांचा होता.

आपले काय? येथे थोडे कडू बोलावे लागेल. स्मरणिकेत ते शोभत नसेल तर वाचकांनी क्षमा करावी. आपल्या घरांत बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. मनुस्मृतीचे दहन आपण दर २५ डिसेंबरला स्मरतो. आणि मुलीचे स्थळ पाहायला बसलो की हळूच विचारतो : सोमवंशी की लाडवण? विचारणाऱ्याला हा प्रश्न मनूचा वाटत नाही, चौकशीचा वाटतो. बाबासाहेबांनी १९१६ साली वर्णन केलेले ते आतून लावलेले दार आपल्याच माजघरात आहे. प्रतिज्ञा आपण दीक्षाभूमीवरून आणली आणि पोटजात कुठून आणली ते आपल्याला आठवतही नाही. यांतला आपला विचार कोणता, हे पाहुण्यांपुढे चहा ठेवताना ठरते.

दुसरी गोष्ट मोबाईलची. बाबासाहेबांचे छायाचित्र आणि खाली एखादे टाळीचे वाक्य, असे संदेश रोज येतात. त्यांतील कित्येक वाक्यांखाली ग्रंथाचे नाव नसते, पृष्ठ नसते, भाषणाची तारीख नसते. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे तथागतांनी सांगितले आहे, की एखादा ‘मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे म्हणाला तरी ते लगेच स्वीकारू नका आणि लगेच धिक्कारूही नका. सुत्त आणि विनयाशी ताडून पाहा. सातिची गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात बुद्धवचनाच्या विपर्यासाच्या पाच उदाहरणांत नोंदवली, ती याच काळजीने. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले ‘लेखन आणि भाषणे’चे खंड आज उपलब्ध आहेत. ताडून पाहायला साधन नाही, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

निवासी शाळेवर या बाबतीत मोठी जबाबदारी येते. बाहेरच्या शाळेतील मूल संध्याकाळी घरी जाते आणि निदान दोन प्रकारची मते ऐकते. आपल्याकडे पहाटेच्या वंदनेपासून रात्री दिवे मालवेपर्यंत तेच शिक्षक, तेच सोबती, तोच फलक. अशा ठिकाणी चांगला विचारही नुसत्या अनुकरणाने भिनतो आणि अनुकरणाने आलेला विचार गाव बदलले की दुसऱ्या अनुकरणाने जातो. १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण मूल घडाघडा म्हणते, पालक कौतुकाने डोळे पुसतात. पाठांतराला माझा विरोध नाही. साऱ्या त्रिपिटकाचे जतन शतकानुशतके पाठांतरानेच झाले. तथापि पाठांतर ही पेरणी आहे, तिलाच पीक समजू नये. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एक नियम घातला. भाषण संपले की परीक्षक त्याच विषयावर दोन प्रश्न विचारतील आणि त्यांना स्वतंत्र गुण असतील.

पहिल्याच वर्षी आठवीतील एका मुलीने महाडच्या सत्याग्रहावर भाषण केले. परीक्षकांनी विचारले, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार ठराव केला होता, मग १९२७ मध्ये बाबासाहेबांना तळ्यावर का जावे लागले? मुलगी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “सर, आमच्या गावातल्या हातपंपावर ग्रामपंचायतीची पाटी आहे, सर्वांसाठी म्हणून. पण माझी आई पहाटे चारला पाणी आणते, सगळे उठायच्या आत.”

हे तिच्या लिहून दिलेल्या भाषणात नव्हते. तिला दुसरा क्रमांक मिळाला, कारण पाठांतरात ती दोन ठिकाणी अडखळली होती. त्याच्या पुढच्या वर्षीपासून पाठांतराचे गुण निम्मे केले आहेत.