सर्वांत मोठा फ्लॉप गेम कोणता? एका वादाचा हिशेब

(चिंचवड येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय ऐकून मागच्या रांगांमधली तरुण मंडळी खूश आहेत आणि पुढचे ज्येष्ठ जरा बिचकलेत, असं दिसतंय. ज्येष्ठांना आधीच सांगतो, हा विषय तुमचाही आहे. व्हिडिओ गेम तुम्ही खेळला नसाल. पण पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकणला तुम्ही आयुष्य काढलंय. माल बनवला आणि तो गोदामात पडून राहिला की काय होतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

गेम खेळणाऱ्यांमध्ये एक वाद कायम रंगतो. इतिहासातला सगळ्यांत मोठा फ्लॉप कोणता? एक म्हणतो ‘ई.टी.’, दुसरा म्हणतो ‘कॉनकॉर्ड’, तिसरा सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’चं नाव घेतो. वाद मिटत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात वेगळी फुटपट्टी आहे. कुणी बुडालेले पैसे मोजतो, कुणी विकलेले नग मोजतो, कुणी फक्त गेम किती वाईट होता एवढंच बघतो. त्यात गेम कंपन्या एकेका गेमचा खर्च सहसा जाहीर करत नाहीत. म्हणून आज आपण आधी फुटपट्टी ठरवू आणि मग निकाल लावू.

चाळीस लाख कॅसेटी

सुरुवात ‘ई.टी.’पासून. साल १९८२. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ हा सिनेमा तुफान चालला होता. अटारी ही तेव्हाची सगळ्यांत मोठी गेम कंपनी, वॉर्नर या मोठ्या समूहाच्या मालकीची. सिनेमावरून गेम बनवण्याच्या हक्कांसाठी तिनं दोन ते अडीच कोटी डॉलर मोजले, असं सांगितलं जातं. करार झाला जुलैच्या अखेरीस आणि गेम दुकानात हवा नाताळला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरच्या हातात उरले साधारण पाच आठवडे. एरवी अशा गेमला कित्येक महिने लागायचे.

गेम फसला. नायक सारखा खड्ड्यात पडायचा आणि बाहेर काढता काढता पोरं वैतागायची. पण नुसता वाईट गेम बनवला म्हणून कंपनी बुडत नाही. अटारीनं सुमारे ४० लाख कॅसेटी बनवल्या होत्या. आपल्याकडे टीव्ही गेमच्या त्या चौकोनी डबीला आपण कॅसेटच म्हणायचो, म्हणून तोच शब्द वापरतो. त्यातल्या निम्म्याहून अधिक विकल्या तरी गेल्या नाहीत किंवा दुकानदारांनी परत पाठवल्या.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट बघा. त्या कॅसेटमधल्या चिपमध्ये गेम कारखान्यातच कायमचा कोरला जायचा. पुसून दुसरा गेम भरायची सोय नव्हती. डायकास्टिंग केलेल्या पार्टसारखं समजा. एका मॉडेलचा पार्ट, ते मॉडेल बंद पडलं की स्क्रॅप. चिपची ऑर्डर आधी द्यावी लागायची, पैसे आधी अडकायचे आणि चूक झाली तर परतीची वाट नाही.

त्याच वर्षी अटारीनं ‘पॅकमॅन’च्या सुमारे १ कोटी २० लाख कॅसेटी काढल्या, तेव्हा लोकांच्या घरात असलेली अटारीची यंत्रं सुमारे १ कोटीच होती. म्हणजे गिऱ्हाइकांपेक्षा माल जास्त! हिशेब असा केला होता, की या गेमसाठी लोक नवीन यंत्रं विकत घेतील. ‘पॅकमॅन’ सत्तर लाखांच्या आसपास खपला. कुठल्याही गेमसाठी हा आकडा अभिमानाचा, तरीही लाखो कॅसेटी उरल्याच.

डिसेंबर १९८२ मध्ये वॉर्नरनं नफ्याचा अंदाज एकदम खाली आणला आणि शेअर कोसळला. पुढच्या वर्षी अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्यातच बुडालेल्या लहान कंपन्यांचा माल मातीमोल भावानं बाजारात आला. तीस-चाळीस डॉलरचा गेम पाच डॉलरला मिळू लागल्यावर नवा गेम पूर्ण किमतीला कोण घेणार? अमेरिकेतला घरगुती गेमचा धंदा दोन-तीन वर्षांत जवळपास झोपला. तो पुन्हा उभा राहिला १९८५ नंतर, निन्टेंडो या जपानी कंपनीमुळे.

सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीनं न विकलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला. ही दंतकथा आहे की खरं, यावर तीस वर्षं वाद चालला. २०१४ च्या एप्रिलमध्ये खोदकाम झालं आणि कॅसेटी सापडल्या. गंमत अशी, की ‘ई.टी.’ त्यातला छोटा हिस्सा होता. बाकी चांगले चाललेले, लोकांना आवडलेले गेमही तिथेच गाडलेले निघाले. खड्ड्यात गेली होती ती अंदाजापेक्षा जास्त काढलेली सगळी पैदास.

चांगला खप, तरी फ्लॉप

आता उलटं उदाहरण घेऊ. २०१३ मध्ये ‘टूम रेडर’ हा गेम आला. चार आठवड्यांत ३४ लाख प्रती खपल्या, समीक्षकांनीही वाखाणला. तरी स्क्वेअर एनिक्स या कंपनीनं जाहीर केलं, की खप अपेक्षेपेक्षा कमी झाला. ३४ लाख खपूनही नापास! कारण खर्च आणि अंदाज त्याहून मोठ्या आकड्यावर बांधले होते.

हे ऐकून तुमच्यातल्या अनेकांना एक गाडी आठवली असेल. नॅनो. तिची जडणघडण आपल्या पिंपरीत, टाटा मोटर्सच्या इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरमध्ये झाली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली आणि जगभर गाजली. २००९ मध्ये बुकिंग उघडलं, ते दोन लाखांच्या वर गेलं. सिंगूरचा कारखाना सोडून साणंदला नवा उभारावा लागला, त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. आणि विक्रीचं सगळ्यांत चांगलं वर्ष होतं २०११-१२, सुमारे ७४ हजार गाड्यांचं.

वर्षाला ७४ हजार गाड्या खपणं हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अडीच लाखांची लाइन टाकली नसती, तर नॅनोचा हिशेब वेगळ्या भाषेत मांडला गेला असता. ‘सगळ्यांत स्वस्त गाडी’ हा शिक्काही तिला नडला. गाडी घेणाऱ्याला चार लोकांत मिरवायचं असतं, हे पुढे रतन टाटांनीही बोलून दाखवलं. जून २०१८ मध्ये महिनाभरात एकच नॅनो बनल्याची बातमी आली होती.

तर आपली पहिली फुटपट्टी इथे सापडते. किती विकलं यापेक्षा, कितीची तयारी करून बसलो होतो आणि त्यातलं किती विकलं, हे बघायचं. फ्लॉप बाजारात उघडा पडतो, पण त्याचा आकार ठरतो आधी, ऑर्डरवर सही होते त्या दिवशी.

पडलेला पुन्हा उठतो का?

दुसरी फुटपट्टी म्हणजे पडल्यानंतर कंपनीच्या खिशात काय उरलं होतं.

सेगाचं ‘ड्रीमकास्ट’ नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आलं. आजही अनेक जण त्याला आपलं सगळ्यांत लाडकं यंत्र म्हणतात. पण आधीच्या यंत्रानं सेगाला तोट्यात घातलं होतं आणि समोर सोनीचं ‘प्लेस्टेशन २’ उभं होतं, जे डीव्हीडीही चालवायचं. सुमारे ९१ लाख नग विकून मार्च २००१ मध्ये ‘ड्रीमकास्ट’ बंद झालं आणि सेगानं यंत्रं बनवणं कायमचं सोडलं. तेव्हाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनीला दिलेलं स्वतःचं कर्ज माफ केलं आणि आपले शेअरही कंपनीला देऊन टाकले, म्हणून ती तगली.

याउलट निन्टेंडोचं ‘वी यू’ हे यंत्र. आधीच्या ‘वी’चे १० कोटींवर नग खपले होते, ‘वी यू’ १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबलं. घसरण किती मोठी! पण निन्टेंडोच्या गाठीला पैसा होता. त्यांनी २०१७ मध्ये ‘स्विच’ आणलं आणि सगळं भरून काढलं.

‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतका सदोष निघाला, की सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला. कंपनीनं पुढची काही वर्षं दुरुस्त्या केल्या, आज तो गेम यशस्वी मानला जातो. आजचा गेम इंटरनेटवरून दुरुस्त करता येतो, अटारीच्या चिपसारखा तो कोरलेला नसतो. मात्र दुरुस्तीच्या काळातले पगार द्यायला कुणीतरी हवं.

आणि ‘कॉनकॉर्ड’? सोनीच्या फायरवॉक स्टुडिओनं अनेक वर्षं खपून बनवलेला गेम. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे! पीसीवरच्या स्टीम या सेवेवर एका वेळी जास्तीत जास्त ६९७ माणसं तो खेळत होती. सगळ्यांचे पैसे परत केले आणि ऑक्टोबरअखेर स्टुडिओच बंद करत असल्याचं सोनीनं जाहीर केलं. इथे गोदाम नाही, खड्डा नाही. साठा पडून राहिला तो माणसांच्या वर्षांचा.

पुण्यातला राजकुमार

आता घराजवळ येऊ. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे, पुढे मुंबईतही झाला. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई मिळून बनवताहेत. आपल्याकडच्या मुलांच्या हातात एवढं मोठं काम! पण ट्रेलर आला आणि लोकांनी चित्रांच्या दर्जावर टीकेची झोड उठवली. तारीख जानेवारी २०२१ होती, ती मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे, म्हणजे मूळ गेम जिथे बनला होता तिथे, सोपवलं. त्याच वर्षाच्या शेवटी आगाऊ नोंदणीचे पैसे परत केले.

तेव्हा आपल्याच लोकांनी तोंड वाकडं केलं. ‘भारतीय पोरांना जमलं नाही’ असं सरळ बोललं गेलं. पण पुढे काय झालं बघा. माँट्रियलनं साडेतीन वर्षांहून जास्त काळ ते काम केलं आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टनं हा गेम आणखी पाच गेमसोबत रद्द केला. एकही प्रत न विकता तो संपला. पुण्याच्या पोरांचा हात कच्चा होता, एवढ्यावरच सगळं ठरत असतं, तर माँट्रियलमध्ये तो पुरा व्हायला हवा होता. ट्रेलरखाली स्टुडिओचं नाव दिसतं. बजेट किती, मुदत किती, ट्रेलर कधी दाखवायचा, हे ठरवणाऱ्यांची नावं तिथे नसतात. ‘ई.टी.’चं खापरही वर्षानुवर्षं वॉरशॉच्या डोक्यावर फुटलं. ४० लाखांची ऑर्डर त्यानं दिली नव्हती.

भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याला हे लगेच कळेल. मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर विसंबून तो डाय बनवतो, मशिन घेतो, बँकेचा हप्ता सुरू होतो. मॉडेल पडलं की शेड्यूल येत नाही, हप्ता मात्र येतो.

मग निकाल काय?

माझं मत विचाराल तर सगळ्यांत मोठा फ्लॉप अटारीचं १९८२ सालचं नियोजन. एकटा ‘ई.टी.’ नव्हे. अंदाज आणि खप यांत एवढं अंतर, आणि त्याची झळ एका कंपनीपुरती न राहता अख्ख्या धंद्याला, असं दुसरं उदाहरण गेमच्या इतिहासात नाही. टक्क्यांत मोजायचं असेल तर ‘कॉनकॉर्ड’ला पुढे ठेवा, माझी हरकत नाही. ‘ड्रीमकास्ट’ला मी या यादीत वरचं स्थान देणार नाही, तो आधीच्या कर्जाखाली दबला.

शेवटी प्रश्नोत्तरांत एका पालकांनी विचारलं, ‘मुलगी गेम डिझाइन शिकते आहे. हे सगळं ऐकून तिला यात पाठवू की नको?’

पाठवा. फक्त नोकरी घेताना तीन गोष्टी विचारायला सांगा. पहिली, स्टुडिओकडे एकच गेम आहे की दोन-तीन कामं चालू आहेत? दुसरी, पैसा कुणाचा आणि गेम रद्द करायचा अधिकार कुणाकडे? तिसरी, नोकरी कायम आहे की गेमपुरतं कंत्राट, आणि गेम रद्द झाला तर केलेलं काम आपल्या नावावर दाखवता येईल का? चाकणला ट्रेनी म्हणून लागणारा मुलगाही हल्ली यातलं निम्मं विचारतो. गेमवाल्यांनी पूर्ण विचारावं.