समुद्र साठ किलोमीटरवर

२०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते. त्याच दिवशी अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळाने महाचक्रीवादळाची पायरी गाठली. २००७ च्या ‘गोनू’नंतर या समुद्रात एवढे प्रबळ वादळ झाले नव्हते. क्यार महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले नाही. ओमानच्या दिशेने सरकत ते पुढे सॉकोत्रा बेटाच्या बाजूला विरले. पाठोपाठ ‘महा’ आले. तेही भर समुद्रात वळसा घेऊन गुजरातजवळ येता येता निवळले. किनाऱ्यापुरता धोका टळला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या खाचरांत मात्र कापून पसरलेले भात पाण्यावर तरंगत होते, उभे पीक आडवे झाले होते आणि लोंबीतल्या दाण्याला जागीच मोड फुटले होते.

पुढे नोव्हेंबरमध्ये राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली, तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. हिशेब केला तर गुंठ्याला साधारण ऐंशी रुपये. न आलेल्या वादळाची ही भरपाई. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाने वादळाची तयारी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्या ओल्या दिवाळीत स्पष्टपणे पुढे आला. त्याचे उत्तर किनाऱ्यावरच्या तयारीची नक्कल करून मिळत नाही.

डोंगराच्या पायथ्याचे गणित

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचे सात तालुके उरले. उत्तरेचा समुद्रकिनारा पालघरकडे गेला. उरलेल्या जिल्ह्याच्या पूर्व कडेला शहापूर आणि मुरबाड आहेत. सरळ रेषेत समुद्र साठेक किलोमीटरवर, आणि पाठीशी सह्याद्रीची भिंत. एका टोकाला कसाऱ्याचा थळ घाट, दुसऱ्या टोकाला माळशेज आणि नाणेघाट.

चक्रीवादळ जमिनीवर आले की त्याचा दम तुटतो. उबदार समुद्राची वाफ हेच त्याचे इंधन असते, ते बंद होते आणि जमिनीच्या खडबडीतपणामुळे वारा मंदावतो. पण त्याने ओढून आणलेले बाष्प लगेच संपत नाही. ते सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि ओतले जाते. त्यामुळे किनाऱ्यावर ज्याचा वारा मोजतात, त्याच वादळाचे पाणी पायथ्याला मोजावे लागते. वादळ दूर समुद्रातून निघून गेले तरी हे चालू राहू शकते.

या पाण्याला जायला वाटा आहेत, त्या सगळ्या अडवलेल्या किंवा गजबजलेल्या. भातसा काळू नदीला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हास कल्याणवरून खाडीला. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे आणि मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा तिथून जातो. १८९२ सालचे तानसा आणि १९५७ सालचे मोडक सागर ही मुंबईची जुनी तळीही याच टापूतली. भातसाचे दरवाजे उघडायचे ठरले की नदीकाठच्या गावांना इशारा जातो, आणि सापगावच्या पुलावरून जाणाऱ्यांनी नदीकडे एकदा बघून मगच पाऊल टाकायचे असते. मुरबाडकरांचा पूल वेगळा. तालुक्याला रेल्वे नाही, कल्याणला जायचे तर उल्हासवरचा रायता पूल ओलांडावा लागतो. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा हा पूलही पाण्याखाली होता.

नावाची वादळे आणि बिननावाची

११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ मुंबई-अलिबागदरम्यान किनाऱ्यावर आले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने धडकले, रायगडातून सह्याद्री ओलांडून पुणे आणि नाशिक जिल्ह्यांकडे गेले. म्हणजे मुरबाडच्या अगदी शेजारून. घाटमाथ्यावर जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत पॉलिहाऊस फाटली. कोकणात श्रीवर्धन-मंडणगडकडची कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, ‘तौक्ते’ मुंबईच्या समोरून उत्तरेला गेले. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. मे महिन्यात एवढा पाऊस हे तोवर कोणी कल्पिले नव्हते.

वादळांची ही रांग योगायोग नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात याच काळात किंचित घट दिसली. कारण समुद्राचे वाढते तापमान. या वादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याच्या आधी मे-जून आणि पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. शेतकऱ्याच्या दिनदर्शिकेत पहिला हंगाम राब भाजून पेरणीच्या तयारीचा, दुसरा कापणीचा. दोन्ही वेळा भात उघड्यावर, एकदा बियाणे म्हणून आणि एकदा भारे म्हणून.

सगळ्या वादळांना नाव नसते. ७ जुलै २०२४ ला समुद्रात कुठलेही चक्रीवादळ नसताना शहापुरात भारंगी नदीला पूर आला. आटगाव-थानशेतदरम्यान रुळांवर माती आली, वासिंदजवळ झाड कोसळले, कसाऱ्याकडची रेल्वे थांबली आणि तालुक्यातल्या एका रिसॉर्टमध्ये अडकलेल्या पन्नासेक जणांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने सोडवले. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, १९५० पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. तेव्हा कौले चाळायची होती, लाकूडफाटा अजून अंगणातच होता.

गारांचा आणि थंड पावसाचा धोका घाटावर जास्त. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि घाटावरचे मोठे पट्टे झोडपले. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने जुन्नर-आंबेगावकडच्या शेकडो मेंढ्या दगावल्या. माळशेज उतरले की हवा बदलते, तरी अवकाळी पाऊस खालीही येतो. आंब्याचा मोहोर गळतो, भाजीपाला सडतो, आणि वीटभट्टीवर थापलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो. पावसाळा संपल्यावर भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची उचल त्या विटांतूनच फिटायची असते.

आतल्या शहरांचा अनुभव

समुद्रापासून लांब म्हणून निर्धास्त राहण्याची किंमत अमेरिकेने दोनदा मोजली. सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळ चार्ल्सटनला धडकले आणि रातोरात तीनशे किलोमीटर आतल्या शार्लट शहरात पोहोचले. तिथे मोठी झाडे वीजतारांवर पडली आणि वीज परतायला अनेक भागांत आठवडे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ फ्लोरिडाला लागले. खरा प्रलय मात्र सहाशे किलोमीटर उत्तरेला, अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या अ‍ॅशव्हिल परिसरात झाला. डोंगराने पाऊस अडवला, नद्या फुगल्या, रस्ते वाहून गेले. अ‍ॅशव्हिलच्या नळाला पिण्याजोगे पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला.

या दोन्ही घटनांतून शहापूर-मुरबाडला घेण्याजोगे एकच आहे. वाऱ्यापेक्षा त्याच्यामागून येणारी साखळी जास्त दिवस छळते. जंगलातून जाणाऱ्या वाहिनीवर झाड पडले की वीज जाते. वीज गेली की नळपाणी योजनेचा पंप थांबतो, मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांत उतरते, आणि मग झाड पडल्याची खबर द्यायलाही मार्ग उरत नाही. वारा काही तासांत जातो, ही साखळी सुटायला दिवस जातात.

आगोटची बेगमी

या भागात तयारीची परंपरा नाही असे मात्र नाही. किनाऱ्यापासून घाटापर्यंत पावसाआधीच्या कामांना आगोटची कामे म्हणतात. घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपायची, पश्चिमेच्या बाजूला पेंढ्याची आड लावायची, लाकडे आणि गोवऱ्या माळ्यावर चढवायच्या, मीठ-मसाला आणि सुकट-बोंबील भरून ठेवायचे. नदी भरली, वाट तुटली तरी घर चालावे हाच या यादीचा हेतू. त्यात बाजारावर अवलंबून राहायचे नाही, हे गृहीत धरलेले होते.

शेतातही हीच समज होती. हळवे, निमगरवे आणि गरवे असे वेगवेगळ्या मुदतीचे भात वेगवेगळ्या खाचरांत लावले जाई. एका पावसात सगळे पीक सापडू नये, हा त्यामागचा विचार. हळवे भात लवकर घरात येते, गरवे उशिरा. कापलेले भात शेतात वाळले की भारे बांधून उडवी रचायची. नीट रचलेली उडवी एखाद-दुसरा पाऊस बाहेरच्या पेंढ्यावर झेलते, आतला दाणा कोरडा राहतो.

आता घरावर कौलांच्या जागी पत्रे आले आहेत. ते शाकारावे लागत नाहीत, म्हणून दरवर्षी छपरावर चढून पाहायची सवयही गेली. कौले वाऱ्याने सुटी सुटी निसटतात, पत्रा खिळा सैल झाला की अख्खा उडतो आणि शेजाऱ्यालाही कापतो. शेतात एकाच मुदतीचे सुधारित वाण सर्वदूर लावले, कापणीला मजूर मिळेना, की सगळे भात एकाच आठवड्यात कापून एकाच पावसाची वाट पाहते.

डोंगरउतारावरच्या वाड्यांचा प्रश्न त्याहून कठीण. ३० जुलै २०१४ ला आंबेगावच्या माळीणमध्ये दीडशेवर माणसे दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली; २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ही दोन्ही गावे याच डोंगररांगेतली, इर्शाळवाडी तर ठाकरवाडी. मुरबाड-शहापुरात अशाच उतारांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. तिथे आगोटची बेगमी पुरेशी नाही. जमिनीला भेगा पडल्या, झरा अचानक गढूळ झाला, झाडे कलली, तर घर सोडून कुठे जायचे हे मे महिन्यातच ठरलेले असावे लागते.

इशारा कोणासाठी, पंचनामा कशाचा

हवामान खात्याचा इशारा आता वेळेवर येतो, यात शंका नाही. वीज पडण्याची सूचना देणारे ‘दामिनी’, शेतीसल्ला देणारे ‘मेघदूत’ ही अ‍ॅप आहेत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. पण चक्रीवादळाच्या बातमीतले ठळक वाक्य ठरलेले असते: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. ते आवश्यकच आहे. डोळखांब किंवा टोकावड्याच्या शेतकऱ्याला मात्र त्यातून काय करायचे ते कळत नाही. ऑक्टोबरमध्ये त्याला हवा असलेला इशारा साधा आहे: पुढचे चार दिवस भात कापू नका, कापले असेल तर आज संध्याकाळपर्यंत भारे उचला.

नुकसानीनंतरची मोजणीही जमिनीला धरून नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झाले तर मदत, असा निकष आहे. पाऊस मोजतात महसूल मंडळात. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यभर मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे बसली, हे मोठे पाऊल होते. पण घाटपायथ्याच्या मंडळात गावे पुष्कळ, आणि कड्याखालच्या गावाचा व सपाटीवरच्या गावाचा पाऊस कधीच सारखा नसतो. यंत्रावर ६० पडला की कड्याखालचे ९० कागदावर येत नाहीत.

पीकविम्यात कापून वाळत घातलेल्या पिकाचे चौदा दिवसांपर्यंतचे नुकसान धरले जाई, ७२ तासांत कळवण्याच्या अटीवर. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई फक्त पीककापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर आणली. कापणी प्रयोग उभ्या पिकावर होतो. प्रयोगानंतर आठवड्याने भिजलेले भारे त्या हिशेबात येत नाहीत. ज्या नुकसानीची या दोन तालुक्यांना सर्वांत जास्त भीती, नेमकी तीच बाहेर राहिली.

काय करता येईल

उपाय फार खर्चाचे नाहीत. ग्रामपंचायतीने मे आणि सप्टेंबरमध्ये वीजवाहिनीवर झुकलेल्या फांद्यांची यादी महावितरणला द्यावी आणि तोड झाल्याची खात्री करावी. पाणीयोजनेच्या पंपासाठी जनित्राची किंवा सौरपंपाची सोय करावी. गावाच्या एका पक्क्या इमारतीवर, शाळा असो वा समाजमंदिर, सौर चार्जिंगची जागा ठेवावी. पत्र्याचे आकडे आणि खिळे पावसाआधी तपासावेत. सहकारी सोसायटीने किंवा बचत गटाने मोठ्या ताडपत्र्या आणि एक-दोन झोडणी यंत्रे भाड्याने देण्यासाठी ठेवावीत, म्हणजे इशारा मिळाल्यावर दोन दिवसांत दाणा घरात येऊ शकेल. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक लावून पोरांनी रोज नोंद ठेवली, तर पंचनाम्याच्या वेळी गावाकडे स्वतःचा आकडा असेल. तो सरकारी निकषात बसणार नाही, पण मंडळाच्या आकड्याला प्रश्न विचारण्याचा आधार होईल.

सरकारने करायचे काम वेगळे आणि त्यालाच प्राधान्य हवे. चक्रीवादळाच्या सरावात आणि निधीत किनाऱ्याच्या तालुक्यांबरोबर घाटपायथ्याचे तालुके धरावेत. इशारा तालुक्याच्या आणि पिकाच्या अवस्थेच्या भाषेत द्यावा. काढणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण भातपट्ट्यापुरते तरी परत आणावे. अरबी समुद्राचा स्वभाव बदलला आहे, हे विज्ञानाने मान्य करून काही वर्षे लोटली. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याने ते दोन-तीन कापण्यांत सोसून पाहिले. आता ते निकषांत उतरायला हवे, कारण पुढचा ऑक्टोबर दरवर्षी येतोच.