फवारा शीतलनातील पूरक द्रव्ये

फवारा शीतलन ही तप्त पृष्ठभागावर द्रवाचे सूक्ष्म थेंब फवारून उष्णता काढून घेण्याची पद्धत आहे. पोलाद उद्योगात तप्त धातू थंड करण्यासाठी, तसेच काही इलेक्ट्रॉनिक उपकरणांत ती उपयोगी पडते. द्रवात अल्प प्रमाणात सर्फॅक्टंट, क्षार किंवा नॅनोकण मिसळल्यास शीतलनाचा वेग बदलतो. मात्र तो नेहमीच वाढतो असे नाही.

उष्णता वहनाची प्रक्रिया

पृष्ठभागावर आदळलेले थेंब पसरून द्रवाचा पातळ थर तयार होतो. या थराच्या प्रवाहामुळे, त्यातील बुडबुड्यांच्या निर्मितीमुळे आणि बाष्पीभवनामुळे उष्णता वाहून नेली जाते. एक किलोग्रॅम पाणी २०° से. पासून १००° से. पर्यंत तापवण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची १००° से. तापमानाला वाफ होण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल लागते. म्हणूनच बाष्पीभवनाला विशेष महत्त्व आहे.

पृष्ठभाग फारच तप्त असल्यास थेंबाखाली वाफेचा थर निर्माण होऊन शीतलन मंदावते. खूप तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब चटकन न आटता नाचत राहतो, तो यामुळेच. जर्मन वैद्य योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये या घटनेचे वर्णन केल्याने तिला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात.

सर्फॅक्टंट व क्षार

सर्फॅक्टंट म्हणजे साबणाप्रमाणे द्रवाचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य. ते मिसळल्याने थेंब अधिक पसरतात आणि बुडबुडे लवकर तयार होतात. छियाओ आणि चंद्रा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाण्याच्या दहा लाख भागांत सोडियम डोडेसिल सल्फेटचे १०० भाग मिसळले होते. बुडबुडे निर्माण होण्यासाठी लागणारे पृष्ठभागाचे तापमान त्यामुळे ११८° से. वरून १०३° से. वर आले. मॅग्नेशियम सल्फेटसारख्या क्षाराचे कण पृष्ठभागाला चिकटून तो खडबडीत होतो व शीतलन वाढते.

नॅनोकण

नॅनोकणांचा आकार साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर असतो. अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी १९९५ मध्ये अशा कणयुक्त द्रवांसाठी 'नॅनोफ्लुइड' ही संज्ञा वापरली. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या सहाशे पटींहून अधिक असल्याने अशा कणांमुळे द्रवाची वाहकता असामान्य वाढेल, अशी अपेक्षा होती. परंतु ३० हून अधिक संस्थांनी सारख्याच नमुन्यांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत ही वाढ प्रचलित सिद्धान्तांशी सुसंगत, म्हणजे माफकच आढळली.

त्यामुळे नॅनोकणांच्या परिणामाचे कारण द्रवाइतकेच पृष्ठभागावरही शोधावे लागते. द्रव उकळताना कण पृष्ठभागावर साचून सच्छिद्र थर तयार होतो. हा थर पाणी शोषून धरतो आणि पृष्ठभाग कोरडा पडणे लांबवतो. भांड्यातील स्थिर द्रवाच्या उत्कलनात, असा थर बसलेली तार शुद्ध पाण्यात तापवली तरी लाभ टिकून राहतो, असे दिसून आले आहे. उलट, थर जाड झाल्यास किंवा बुडबुडे जन्मणाऱ्या सूक्ष्म खळग्या बुजल्यास उष्णता वहन घटते.

मर्यादा

कणांचे प्रमाण वाढवल्यास द्रवाची श्यानता वाढते, कण एकत्र येऊन तळाशी बसतात आणि फवारणीचे तोंड झिजते वा तुंबते. शिवाय साचलेल्या थरामुळे पृष्ठभाग वापराबरोबर बदलत जातो. म्हणून एखाद्या पूरक द्रव्याचा लाभ ठरवताना तोच पृष्ठभाग पुन्हा शुद्ध पाण्याने तपासणे आवश्यक ठरते. अन्यथा श्रेय द्रवाचे की साचलेल्या थराचे, हे कळत नाही.