भात म्हणजे कोणता भात? एआय एजंटला काम सोपवण्यापूर्वी

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि किराणा दुकानांतही कार्ड घासण्याची यंत्रे आली. त्या यंत्राला फक्त आकडा कळत असे. आता व्यापारात आलेला एआय एजंट आकड्यावर नव्हे, शब्दांवर चालतो, आणि घोळ होतो तो तिथेच. (आमच्या भागात एजंट म्हटले की जमिनीचा दलाल किंवा विमेवाला आठवतो. हा त्यातला नव्हे.)

हा एजंट नुसती उत्तरे देत नाही. साठा पाहतो, बिल बनवतो, गिऱ्हाइकाला निरोप धाडतो. त्यासाठी त्याला छोटी छोटी साधने जोडून द्यावी लागतात. जाणकार त्यांना 'टूल' म्हणतात. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या मॉडेलांना अशी साधने जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने त्यासाठी सर्वांना खुली अशी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही पद्धत जाहीर केली. पण साधनाच्या पोटात काय आहे ते एजंटला दिसत नाही. त्याला दिसते साधनाचे नाव, खालचे चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा तक्ता. तेवढ्यावर तो निर्णय घेतो.

समजा, शहापूरच्या एका धान्य व्यापाऱ्याने साधन बनवून घेतले आणि वर्णन लिहिले, 'भाताचा भाव सांगते.' आपल्याकडे शेतात उभा असतो तो भात, गिरणीवर भरडायला जातो तो भात आणि ताटात वाढतात तोही भातच. मुंबईचा गिऱ्हाईक भाताचा भाव विचारतो तेव्हा त्याला तांदूळ हवा असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. तो टरफलासकटच्या मालाचा. सरकारी हिशेबाने क्विंटलभर भातातून ६७ किलो तांदूळ धरतात, म्हणजे भरडाई, बारदान, गाडीभाडे न धरताही तांदळाची पडतर साडेतीन हजारांवर जाते. एजंटने भाताचा दर तांदळाचा म्हणून कळवला आणि सौदा पक्का झाला, तर क्विंटलमागे अकराशेहून अधिक रुपये बुडाले!

म्हणून वर्णन असे हवे: 'भरडलेल्या तांदळाचा आजचा घाऊक विक्रीदर देते. दर रुपयांत, प्रति क्विंटल. टरफलासह भातासाठी हे वापरू नये. त्यासाठी "भात खरेदी दर" हे साधन आहे. वाण सांगितले नसेल तर गिऱ्हाइकाला विचारावे. दर न सापडल्यास "नोंद नाही" असे उत्तर येते. त्याचा अर्थ शून्य नव्हे.' साधन केव्हा वापरायचे याइतकेच केव्हा वापरायचे नाही हे लिहिणे आमच्या मते महत्त्वाचे आहे. सारख्या नावाची दोन साधने असली की एजंट चुकीचे उचलण्याची शक्यता वाढते.

मापांचेही तसेच. पायली हे आकारमान. भाताची पायली आणि तांदळाची पायली वजनाला सारखी भरत नाही. तेव्हा 'वजन किलोतच. पायली, मण, खंडी आल्यास अंदाजाने बदल करू नये' असे लिहावे. शहापूर बेळगावातही आहे आणि कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यातही. माल पाठवण्याच्या साधनात पिनकोड सक्तीचा करावा: आपल्या शहापूरचा ४२१६०१, मुरबाडचा ४२१४०१. तारीख ५/६ अशी आली तर पाच जून की सहा मे, हेही ठरवून द्यावे.

आपल्या व्यापाऱ्यांना हे परके वाटू नये. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याबद्दलच आहे, आणि सलमच्या सौद्यात माप, वजन, मुदत आधी ठरलेली लागते.

मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. 'रक्कम परत करणे', 'उधारी माफ करणे' अशा साधनांच्या वर्णनात 'मालकाला विचारूनच' एवढे लिहून भागत नाही. मालकाच्या मंजुरीशिवाय ते साधन चालूच नये, अशी सोय प्रोग्राममध्ये करून घ्यावी. बाहेरचे तयार साधन जोडतानाही त्याचे वर्णन आधी वाचावे. अशा वर्णनांत छुप्या सूचना घालून एजंटकडून खाजगी माहिती काढून घेता येते, हे २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले आहे.

सुरुवात करताना गिऱ्हाइकांचे जुने वीस निरोप घ्यावेत. आगरी ढंगाची मराठी, उर्दू, रोमन लिपीतली खिचडी, जसे आले तसेच. एजंट प्रत्येकाला कोणते साधन उचलतो ते वहीत मांडावे. जिथे चुकतो तिथे वर्णनातला शब्द बदलावा आणि तेच वीस निरोप पुन्हा चालवून पाहावेत. पैशांची साधने तोवर जोडू नयेत.