भरल्या गाडीची परीक्षा

संपादक मंडळाने यंदा आम्हांस भातबाजाराविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली होती. ती आज्ञा आम्ही मोडीत आहोत, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. संक्रांतीपासून आमच्या घरात, पेढीवर आणि जेवणाच्या पानावरही भातापेक्षा एका मोटारीचीच चर्चा अधिक चालली आहे. ही मोटार विजेवर चालते, तीत सात माणसे बसतात, आणि तिची किंमत ऐकून आमचे थोरले बंधू आण्णा यांनी हातातील चहाची बशी खाली ठेवली होती. इतर सभासदांच्या घरीही आज ना उद्या हीच चर्चा निघेल, म्हणून आमचा अनुभव येथे नमूद करतो.

आमचे नंदगड हे वाहनांची पारख जुन्या काळापासून जाणणारे गाव. घाटाखालून गोव्याचे मीठ, नारळ, सुपारी वर यावी आणि वरचे धान्य खाली जावे, या देवघेवीवर येथील पेठ उभी राहिली. आमचे आजोबा सांगत की, बैल घ्यावयाचा तर त्याचे दात आणि खूर पाहून थांबू नये. तो भरल्या गाडीला जुंपून चढाच्या रस्त्यावर अर्धा कोस चालवून पाहावा. रिकाम्या गाडीला कोणताही बैल देखणाच दिसतो.

मोटारीच्या बाबतीतही आपल्या समाजास मागासलेला कोणी म्हणणार नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभारली आणि १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. बेंगळूरचा विमानांचा कारखानाही त्यांच्याच खटपटीने १९४० मध्ये निघाला. त्याच बेंगळुरातून २००१ मध्ये रेवा नावाची विजेची चिमुकली मोटार बाजारात आली. तीत दोन मोठी माणसे बसली की मागच्या जागेत जेमतेम मुलांची सोय. लोक तिला हसले. २०१० मध्ये महिंद्र कंपनीने रेवा कंपनीचा ताबा घेतला, आणि २७ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच महिंद्रने बेंगळूर येथेच एक्सईव्ही ९एस ही सात आसनांची विजेची मोटार जाहीर केली. दोन माणसांवरून सात माणसांवर येण्यास पाव शतक लागले.

सात आसनांच्या विजेच्या गाड्या यापूर्वी नव्हत्या असे नाही. मर्सिडीज कंपनीची ईक्यूएस ही मोठी गाडी २०२४ पासून आपल्या पुण्याजवळ चाकण येथेच जोडली जाऊ लागली. तिची किंमत त्या वेळी १ कोटी ४१ लाख सांगितली होती. भुसार व किराणा यांच्या धंद्यात रुपयाशेकडा नफ्यावर दिवस काढणाऱ्या मनुष्याने ती वाट चालू नये, असे आमचे मत आहे. महिंद्रच्या गाडीची किंमत जाहीर झाली तेव्हा १९ लाख ९५ हजारांपासून २९ लाख ४५ हजारांपर्यंत होती. हीही लहान रक्कम नव्हे. पण निदान तिचा हिशेब मांडता येतो.

आमच्या घरची डिझेलची जुनी गाडी वडिलांनी २००९ मध्ये घेतली. तिची पायरी उंच, आणि आमच्या आईचे वय एक्याऐंशी. गुडघे धरल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, आई त्या गाडीत चढलेली नाही. निपाणीजवळच्या स्तवनिधीस दरवर्षी जाण्याचा तिचा नेम तीन वर्षे मोडला होता. ती तक्रार करीत नाही. "तुम्ही जाऊन या, मी येथूनच हात जोडते" एवढेच म्हणते. हे वाक्य ऐकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस त्याचे वजन सांगावयास नको.

तेव्हा बेळगावच्या विक्रेत्याने गाडी चालवून पाहण्याचे आमंत्रण दिले, त्या वेळी आम्ही अट घातली. बेळगावच्या गुळगुळीत रस्त्यावर दोन माणसांनी दहा मिनिटे फिरून यावयाचे, असली परीक्षा आम्हांस मान्य नाही. गाडी नंदगडास आणावी, तीत घरची सहा माणसे बसतील, सातवा तुमचा मनुष्य, आणि स्तवनिधीपर्यंत जाऊन परत येऊ. विक्रेत्याच्या तरुणाने फोनवर कोणाशी तरी बराच वेळ विचारविनिमय केला आणि अखेर होकार दिला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा कोणास कळलेच नाही. यंत्राचा आवाज नाही, धूर नाही. शेजारच्या ओट्यावर बसलेले वृद्ध गृहस्थ दचकून उठले. हा गुण की दोष, याचा निकाल आमच्याने अद्याप होत नाही. बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यात गुरे, मुले आणि कानाने अधू झालेली माणसे वावरत असतात. तेथे चालविणाऱ्याने दुप्पट सावध राहिले पाहिजे.

पहिली परीक्षा आईची. गाडीचा तळ जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंच, म्हणजे खडबडीत रस्त्यास उत्तम, गुडघ्यांस तितकीशी नव्हे. वहिनींनी स्वयंपाकघरातील पाट आणून खाली ठेवला. आईने एक हात दाराच्या मुठीला, दुसरा पुतण्याच्या खांद्यावर ठेवून पाटावर पाय दिला आणि मधल्या रांगेत जाऊन बसली. आसन मागेपुढे सरकते आणि पाठही कलते, त्यामुळे तिला पाय सैल सोडता आले. "बसले ग बाई," असे ती वहिनींना म्हणाली. त्या पाटाची नोंद आम्ही मुद्दाम करीत आहोत. सात आसनांच्या गाडीच्या जाहिरातीत तो कोठेही दिसत नाही.

गाडी आम्ही स्वतः चालविली. गियर बदलण्याचे काम नाही. पाय दाबला की ओढ तत्काळ मिळते, कारण विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण जोर लावते. खानापूरपर्यंतच्या वळणांवर सात माणसांचे ओझे आहे असे वाटले नाही. समोर एकास एक लागून तीन पडदे आहेत. पुतण्यास त्यांचे फार कौतुक. आम्हांस त्यांपैकी दोन झाकून ठेवावेसे वाटले. बेळगाव मागे टाकून पुणे-बेंगळूर महामार्गास लागल्यावर खरा फरक ध्यानी आला. आई मागून हलक्या आवाजात बोलत होती आणि आम्हांस पुढे प्रत्येक शब्द ऐकू येत होता. जुन्या गाडीत संकेश्वर येईपर्यंत सर्वांचे घसे बसत.

तवंदी घाटात निपाणीच्या बाजूस उतरताना एक मौज दिसली. उतारावर पाय उचलला की चाकेच मोटरला फिरवितात, ती मोटर वीज निर्माण करते आणि ती वीज परत बॅटरीत जाते. ब्रेकला फारसे काम उरत नाही. "म्हणजे उतारावर दुकानात पैसे जमा होतात आणि चढावर खर्ची पडतात," असे आण्णा म्हणाले. परत येताना त्याच घाटाने जमा केलेले सर्व वसूल करून घेतले आणि वर काही अधिकही घेतले, हे सांगणे प्राप्त आहे.

स्तवनिधीस आईचे दर्शन झाले. ती बराच वेळ तेथे बसून राहिली. आम्हीही घाई केली नाही.

परतीच्या वेळी आण्णांनी एक विलक्षण हट्ट धरला. येताना तिसऱ्या रांगेत पुतण्या आणि त्याची धाकटी बहीण बसली होती. जाताना आपण तेथे बसणार, असे त्यांनी सांगितले. आण्णा साडेपाच फुटांहून बरेच उंच, वय चौसष्ट. आम्ही विरोध केला, तेव्हा ते म्हणाले, "पोते घेताना आपण वरचे दाणे पाहतो काय? नळी खुपसून तळचे काढतो. गाडीचा तळ मागे आहे." त्यापुढे कोणी काय बोलावे! विजेच्या गाडीची बॅटरी तळाशी, चाकांच्या मध्ये पसरलेली असते. त्यामुळे तळ उंच होतो आणि मागच्या आसनावर गुडघे वर येतात. या जातीच्या सर्वच गाड्यांचा हा स्वभाव आहे. संकेश्वरपर्यंत आण्णा गप्प होते. तेथे चहास उतरल्यावर त्यांनी कंबर सरळ केली आणि निकाल दिला: मुलांस उत्तम, तरुणांस तासभर ठीक, आमच्या वयाच्या मनुष्यास लग्नमुहूर्त गाठण्यापुरते. शिवाय तिन्ही रांगा भरल्या की मागे सामानास जागा थोडी उरते. पुढच्या झाकणाखाली, जेथे इंजिन असावयाचे, तेथे १५० लिटरचा कप्पा आहे. आमची फराळाची पिशवी आणि पाट तेथे बसला.

तेथेच महामार्गावरील एका उपाहारगृहाच्या आवारात वीज भरण्याची दोन यंत्रे दिसली. गरज नव्हती, पण परीक्षेपुरते पाहावे म्हणून थांबलो. एक यंत्र बंद होते. दुसऱ्यावर एक भाड्याची मोटार लागलेली, तिच्या चालकाने अजून चाळीस मिनिटे लागतील असे सांगितले. पैसे फोनवरून आगाऊ भरावे लागतात. आधी पैसे आणि मग माल, तोही मिळाला तर! कंपनी सांगते की १८० किलोवॅटच्या यंत्रावर ही बॅटरी वीस मिनिटांत २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते, पण तितक्या शक्तीचे यंत्र वाटेत भेटले पाहिजे. साठ किलोवॅटच्या यंत्रास त्याच कामाला पाऊण तासाहून अधिक वेळ हवा. ज्यांचे येणेजाणे घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी ही यंत्रे विसरून जावीत आणि घरी रात्री वीज भरावी. ज्यांस आठवड्यास मुंबई गाठावयाची, त्यांनी अजून विचार करावा.

आता हिशेब. आम्ही नेलेल्या गाडीची बॅटरी ७९ युनिटांची. नंदगडहून निघताना तीत ९२ टक्के वीज होती, परत आलो तेव्हा ४२ टक्के; अंतर २१४ किलोमीटर झाले. म्हणजे साडेएकोणचाळीस युनिटांत युनिटामागे सुमारे ५.४ किलोमीटर, आणि पूर्ण बॅटरीवर सव्वाचारशेच्या आसपास. प्रमाणपत्रावरचा आकडा ६७९ आहे. तो ठरावीक परीक्षेतला. आमची परीक्षा सात माणसे, हवा थंड करण्याचे यंत्र आणि घाट यांची होती. भरताना वाया जाणारी वीज धरून ४४ युनिटे मोजली आणि युनिटास आठ रुपये धरले तर फेरीस ३५२ रुपये पडले. जुनी गाडी लिटरला बारा किलोमीटर जाते. डिझेल नव्वद रुपये धरले तर हीच फेरी १६०५ रुपयांची. वर्षास आमचे बारा हजार किलोमीटर होतात, त्यावर सत्तर हजारांची बचत दिसते.

परंतु हा एकच रकाना पाहून कोणी उडी घेऊ नये. विजेच्या गाड्यांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे आणि सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० टक्क्यांवर गेल्या, हे खरे. पण तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या कराची वजावट आपल्यासारख्या व्यापाऱ्यास मिळत नाही. काही सभासदांचा याविषयी गैरसमज आहे. आणखी असे की, कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये २५ लाखांवरील विजेच्या मोटारींवर १० टक्के आजीवन कर बसविला. म्हणजे पंचवीस लाखांची रेषा ओलांडली की अडीच लाख वेगळे काढून ठेवावे लागतात. महाराष्ट्राने २०२५ मध्ये अटल सेतूसारख्या काही मार्गांवर विजेच्या गाड्यांस पथकर माफ केला. आपल्या हत्तरगीच्या नाक्यावर त्याचा काही उपयोग नाही.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते थोडक्यात सांगतो. पुतण्याचे म्हणणे, जुनी गाडी काढून ही घ्यावीच. आण्णांचे म्हणणे, भाताची खरेदी अजून चालू आहे, गावोगावचे शेतकरी रोख मागतात, आणि ज्या पैशावर दहा घरांचा माल उचलावयाचा तो दारात उभा करून ठेवणे हे व्यापाऱ्याचे लक्षण नव्हे. दोघांचेही म्हणणे आम्हांस पटत होते, आणि हीच अडचण होती. व्याज, हप्ता, बचत असे सर्व वहीवर मांडून झाले. बचतीतून हप्ता निघत नाही हेही स्पष्ट झाले. आई माळ ओढीत बसली होती. तिने वहीकडे पाहिलेही नाही. उठताना मात्र पुतण्यास विचारले, "कुंभोज किती लांब पडेल रे?"

दुसऱ्या दिवशी पेढी उघडण्यापूर्वी आण्णा मागच्या पडवीत टेप घेऊन उभे दिसले. गाडीची रुंदी १९०० मिलिमीटर. दार उघडण्यास जागा उरते की नाही ते मोजीत होते. एक खांब हलवावा लागेल, असे त्यांनी आम्हांस सांगितले. सही झालेली नाही. खरेदीचा हंगाम संपल्यावर, पंचवीस लाखांच्या रेषेच्या आतली निवड करून मग बोलू, असे ठरले आहे. वायरमनला मात्र त्यांनी त्याच दुपारी बोलावून घेतले. त्याने मीटर पाहिला, घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल असे सांगितले आणि पावसाळ्यात झाडे पडून वीज जाते तेव्हा दोन दिवसांची तजवीज बॅटरीत ठेवीत जा, असा सल्लाही दिला. अर्थिंग जुने झाले आहे, परसात नवा खड्डा घेऊन त्यात कोळसा आणि मीठ भरले पाहिजे, असे तो म्हणाला.

"कोळसा आणावा लागेल," आण्णा म्हणाले, "मीठ दुकानात आहे."