शालेय अभ्यासक्रमातील कलाशिक्षणाचे स्थान
राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने संगीत, नृत्य, दृश्यकला व नाट्य यांना दहावीपर्यंत अनिवार्य विषय करण्याची शिफारस केली. तथापि विषयाचे स्थान शिक्षकाच्या पदावरून ठरते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलेचा शिक्षक ‘अंशकालीन निदेशक’ म्हणून येतो, तोही पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी तर तेवढीही तरतूद नाही. म्हणजे खेड्यातील लहान शाळा कायद्यानेच वगळल्या गेल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलेला अभ्यासेतर मानणे नाकारले, हे स्वागतार्हच. परंतु पदांविना ही समानता कागदावरच राहते. ९० पटाच्या शाळेत कलेची तासिका बहुधा गणिताचा उरलेला धडा पूर्ण करण्यात संपते.