आवडलेल्या कादंबरीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रसंग हमखास घडतो. तुम्ही उत्साहाने सांगता, "मला कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक फँटसी कादंबऱ्यांवर काम करायचं आहे." समोरून शांतपणे विचारलं जातं, "बरं, हा विषय झाला. प्रश्न काय आहे?" इथे भलेभले अडखळतात. मीही अडखळले होते. विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला बराच वेळ लागला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून आज एकच कादंबरी घेऊन आवड ते प्रश्न हा प्रवास पायरीपायरीने करून बघू.

कादंबरी आहे अमेरिकन लेखिका लिबा ब्रे यांची 'अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी'. ती 2003 साली आली आणि पुढे 2005 आणि 2007 मध्ये तिचे आणखी दोन भाग निघाले. आधीच सांगते, पुढे कथानक फुटणार आहे. संशोधनात शेवट लपवून चालत नाही.

आधी गोष्ट, थोडक्यात

21 जून 1895, मुंबई. जेमा डॉयल या इंग्रज मुलीचा सोळावा वाढदिवस. तिला लंडनला जायचं आहे, आई नको म्हणते, दोघींचं बाजारात भांडण होतं. त्याच दिवशी जेमाला आईचा मृत्यू जणू समोर दिसतो: एक काळी सावली चालून येते आणि तिच्या हाती लागण्यापेक्षा आई स्वतःचाच जीव घेते. घरचे बाहेर सांगतात की बाई कॉलऱ्याने गेल्या. जेमाची रवानगी इंग्लंडमधल्या स्पेन्स अकॅडमी या मुलींच्या निवासी शाळेत होते. तिथे फेलिसिटी, पिपा आणि ॲन या मैत्रिणी मिळतात, एक जुनी डायरी सापडते आणि प्रकाशाच्या दारातून दुसऱ्या जगात जाण्याची शक्ती आपल्यात आहे हे जेमाला कळतं. मुंबईपासून तिच्या मागावर असलेला कार्तिक हा भारतीय मुलगा तिला सावध करत राहतो. तो 'रक्षण' नावाच्या गुप्त पुरुषसंघटनेचा आहे. दोघांमधलं आकर्षण तिन्ही भागांत वाढत जातं.

पहिला मोह: चुका शोधणं

आपल्याकडचा वाचक अशी कादंबरी हातात घेतो तेव्हा पहिली गोष्ट काय करतो? चुका काढतो. 21 जून म्हणजे मुंबईत पावसाळा. मग त्या पानांवर पाऊस कुठे आहे? संघटनेचं नाव 'रक्षण' का? रक्षण ही क्रिया झाली, माणसांना आपण रक्षक म्हणू. कार्तिकला आडनाव का नाही?

अशा निरीक्षणांची वही जरूर ठेवा. पण ही यादी म्हणजे संशोधन नव्हे. माझी पहिली टिपणं अशीच होती, पानंच्या पानं. ती वाचून मार्गदर्शकांनी दोनच शब्द विचारले, "मग पुढे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकांची यादी एवढंच सिद्ध करते की लेखिकेला मुंबई आपल्याइतकी माहीत नाही. ते कुणीही मान्य करेल, आणि जे सगळेच मान्य करतील ते सिद्ध करण्यात तीन-चार वर्षं कशाला घालवायची?

त्या यादीतली एखादी नोंद मात्र कामाची असते. 'रक्षण' हे नाव संस्कृतातलं, पण पुढच्या भागांत या संघटनेत इंग्रज पुरुषही दिसतात. म्हणजे गूढपणासाठी शब्द पूर्वेकडून घेतला आणि सत्ता मात्र वाटून घेतली, असं म्हणता येईल का? बघा, चूक दाखवण्याऐवजी 'हे नाव इथे काय काम करतं?' असं विचारलं की विचार लगेच पुढे सरकतो.

इतिहासातली फट

आता या साहित्यप्रकाराची यंत्रणा बघू. ऐतिहासिक फँटसी इतिहास मोडत नाही, त्यातली फट शोधते. जेमाच्या आईचा मृत्यू घ्या. 1895 सालच्या मुंबईत कॉलऱ्याने मृत्यू म्हटल्यावर कुणी भुवई उंचावणार नाही. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूवर केलेलं काम तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांपूर्वीचं होतं, आणि लोक मरतच होते. कागदावर कॉलरा, प्रत्यक्षात सावली. नोंद आणि घटना यांच्यामधल्या अंतरात अद्भुत येऊन बसतं.

डायरीचंही तसंच. ती डायरी मेरी डाउड नावाच्या मुलीची, आणि मेरी 1871 सालच्या आगीत शाळेतच गेली अशी समजूत असते. शेवटी कळतं की ती वाचली होती आणि नाव बदलून जगली. जेमाची आई म्हणजेच ती! म्हणजे या मुली जे करतात ते आपलंच काम आहे: जुना दस्तऐवज वाचणं, त्यावर विश्वास ठेवणं आणि मग कळणं की नोंद करणाऱ्यांना काहीतरी लपवायचं होतं. साधनचिकित्सेवर व्याख्यान ऐकण्याआधी ही कादंबरी वाचली असती तर मला ते व्याख्यान जास्त कळलं असतं.

सिद्धान्त हे अवजार आहे, दागिना नाही

फराह मेंडलसन यांनी 2008 सालच्या आपल्या पुस्तकात फँटसीचे चार प्रकार मांडले. अद्भुत कथेत शिरतं कसं, हा त्यांचा निकष. एक, पात्रं दारातून पलीकडच्या जगात जातात. दोन, अद्भुत आपल्या जगात घुसतं. तीन, सगळं जगच मुळात अद्भुत असतं. चार, उंबरठ्यावरची फँटसी, जिथे नक्की काय चाललंय याचा वाचकाला पत्ता लागत नाही.

बरेच विद्यार्थी इथे फक्त लेबल लावतात: 'ही कादंबरी पहिल्या प्रकारात मोडते.' झालं. तसं करू नका. अवजार चालवून बघा. मुंबईच्या प्रसंगात अद्भुत कसं येतं? घुसतं. बाजारात, न बोलावता, जीव घ्यायला. आणि इंग्लंडमध्ये? तिथे दार उघडतं आणि मुली आपल्या मर्जीने पलीकडे जातात, हसतात, हवं ते मिळवतात. एकाच कादंबरीत दोन देशांत अद्भुताची चाल वेगळी! ही गोष्ट मला तिसऱ्या वाचनात दिसली, आणि तिथे पहिल्यांदा 'मग पुढे?'चं उत्तर सापडेल असं वाटलं.

पण लगेच हुरळून जायचं नाही. स्वतःच्या विरुद्ध पुरावा आधी स्वतःच शोधायचा. इंग्लंडमध्येही जेमाला न बोलावता भयानक दृश्यं दिसतात. म्हणजे 'मुंबई भीतीची, इंग्लंड स्वातंत्र्याचं' असं सरळ समीकरण टिकत नाही. मग दावा थोडा बारीक करायचा: भीती दोन्हीकडे आहे, दार मात्र एकीकडेच का उघडतं?

पिपा आणि रखमाबाई

पिपा ही मैत्रिणींमधली सर्वात देखणी. तिला झटके येण्याचा आजार आहे. तो लपवून आईवडील तिचं लग्न वयाने बऱ्याच मोठ्या वकिलाशी ठरवतात. पहिल्या भागाच्या शेवटी पिपा त्या दुसऱ्या जगातच राहायचं ठरवते आणि या जगात तिचा देह मरतो. नको असलेल्या लग्नातून सुटायला कादंबरी तिला एकच वाट देते, आणि ती अद्भुतातून जाते.

आता त्याच काळातली खरी मुंबई आठवा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. 1884 मध्ये दादाजी भिकाजी कोर्टात गेले. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली, 1889 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि 1894 साली डॉक्टर झाल्या. म्हणजे जेमा मुंबईहून इंग्लंडला जाते त्याच सुमारास रखमाबाई उलट दिशेने, डॉक्टर होऊन परत आलेल्या असतात.

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. आणि नेमक्या अशा वेळी चुकीचं वाक्य लिहिलं जातं: 'लेखिकेने रखमाबाईंकडे दुर्लक्ष केलं.' कादंबरीकाराने प्रत्येक खरी व्यक्ती आणलीच पाहिजे असं काही बंधन नाही. काय नाही, हा स्वतःहून पुरावा होत नाही. ही तुलना आरोप करण्यासाठी वापरायची नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की 1895 मध्ये मुलीला 'नाही' म्हणण्याच्या इतरही वाटा होत्या: कोर्टाची, वर्तमानपत्राची, शिक्षणाची. मग विचारायचं, कादंबरी आपल्या पात्रांना त्यातल्या कोणत्या वाटा देते आणि कुणाला देते?

कार्तिकचं काय होतं?

गायत्री स्पिवाक यांनी 1985 सालच्या एका गाजलेल्या निबंधात 'जेन आयर'बद्दल एक मुद्दा मांडला. इंग्रज नायिकेला स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभं राहता यावं म्हणून वसाहतीतून आलेल्या बर्था मेसनला मरावं लागतं. आता आपल्या त्रयीचा शेवट बघा. ॲन रंगभूमीवर जाते, फेलिसिटी पॅरिसला, जेमा शिकायला अमेरिकेला. कार्तिक मात्र जेमासाठी स्वतःचा बळी देतो आणि त्या दुसऱ्या जगात झाड होऊन राहतो. प्रेमकथा म्हणून डोळ्यांत पाणी येतं. संशोधक म्हणून मात्र तेच डोळे पुसून परत वाचावं लागतं.

इथेही विरुद्ध पुरावा आहे. कार्तिक म्हणजे बर्था नव्हे. तो बोलतो, चिडतो, आपल्याच संघटनेच्या हुकमाविरुद्ध जातो, आणि शेवटचा निर्णयही त्याचाच असतो. स्पिवाक यांचं नाव घेऊन त्याला गप्प बसवलं तर चूक आपली. म्हणूनच प्रश्न रंगतदार होतो: निवड त्याची असूनही भविष्य मात्र तिलाच कसं मिळतं?

आता प्रश्न लिहू

हे सगळं गोळा केल्यावर माझा मसुदा असा झाला: 'जेमा डॉयल त्रयीत अद्भुताचा प्रवेश आणि तरुण पात्रांची निवड करण्याची मुभा यांचा वसाहतीच्या भूगोलाशी काय संबंध आहे?' वाक्य अजून जड आहे, पण तो प्रश्न आहे. हे ओळखायच्या माझ्या तीन कसोट्या आहेत.

पहिली, उत्तर चुकीचं निघू शकतं का? निघू शकतं. कदाचित काहीच संबंध नसेल. जो दावा चुकूच शकत नाही त्यावर प्रबंध उभा राहत नाही. दुसरी, पुरावा कुठल्या पानांवर आहे हे बोट ठेवून दाखवता येतं का? अद्भुत जिथे जिथे शिरतं असे प्रसंग तिन्ही भागांतून काढून मांडता येतात. तिसरी, ही कादंबरी न वाचलेल्या माणसाला उत्तराशी काही देणंघेणं असेल का? असेल. जगभरची मुलं भूतकाळ अशा कादंबऱ्यांमधूनही शिकतात. त्या भूतकाळात कुणाला दार मिळतं आणि कुणाचं झाड होतं, हा प्रश्न एका पुस्तकापुरता उरत नाही.

आणि हो, हे काम करायला पुस्तकावरचं प्रेम सोडावं लागत नाही. मला कार्तिक अजूनही आवडतो. उलट, आवडतो म्हणूनच तो शेवट मला खुपला, आणि जे खुपलं तिथेच प्रश्न होता.

तुमच्यासाठी गृहपाठ: आवडत्या कादंबरीतला तुम्हाला खुपणारा एकच प्रसंग निवडा. तो का खुपतो ते पाच ओळींत लिहा. मग तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं त्याच पुस्तकातलं एक पान शोधा. दोन्ही कागद शेजारी ठेवून विचार करा. मुलाखतीत "प्रश्न काय आहे?" असं विचारलं जाईल तेव्हा उत्तर त्या दोन कागदांच्या मध्येच सापडेल.